दोनशे रुपये

पगाराच्या स्लिपवर 'व्यवसाय कर २०० रुपये' दिसला की मी कपाळाला आठ्या घालायचो. हा कर आला १९७५ साली, बहात्तरच्या दुष्काळानंतर. खडी फोडून, सुकडी खाऊन दिवस काढणाऱ्यांना मागतील तेव्हा काम द्यायचं, ही वि. स. पागे यांची कल्पना. त्यासाठी शहरातल्या पगारदारांनीही पैसा द्यायचा. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. (तेव्हाची बंडिंगची कामं किती टिकली, हा वेगळाच विषय!)

हवामानबदलाचा विषय निघाला की गप्पा लगेच सोलर आणि बॅटरीवर जातात. मला आधी विचारावंसं वाटतं, पाऊस हुकला तर कुणाच्या पगारातून किती कापायचे? तेव्हा निदान ते ठरलं तरी.