विजेत्यापुढे कोण?

मुष्टियुद्धाच्या इतिहासात निकालांची नोंद काटेकोरपणे ठेवली जाते. आम्हांला मात्र निकालांहून दुसरी एक यादी अधिक बोलकी वाटते: विजेत्यासमोर पुढे कोणाला उभे केले गेले, आणि कोणाला उभे राहूच दिले गेले नाही.

२६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीतील रशकटर्स बे येथे कॅनडाचा टॉमी बर्न्स आणि अमेरिकेचा जॅक जॉन्सन यांच्यात हेवीवेट जगज्जेतेपदाची लढत झाली. तोवर जॉन सलिव्हन, जेम्स जेफ्रीज यांच्यासारख्या विजेत्यांनी कृष्णवर्णीय आव्हानवीराशी या पदासाठी लढणे नाकारले होते. बर्न्सने ३०,००० डॉलर मिळणार म्हणून होकार दिला. जॉन्सनच्या वाट्याला ५,००० आले. चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबवली आणि हेवीवेटचे जगज्जेतेपद प्रथमच एका कृष्णवर्णीयाकडे गेले.

आता पुढचा कोण? हा प्रश्न खेळाचा राहिला नाही. कादंबरीकार जॅक लंडन ‘न्यूयॉर्क हेरल्ड’साठी या लढतीचे वृत्त लिहीत होता. समाजवादी म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्याच लेखकाने निवृत्त जेफ्रीजला शेत सोडून परतण्याचे आवाहन केले. समतेची भाषा जाणणारी लेखणी वर्णापाशी अडखळली, याची नोंद साहित्याच्या अभ्यासकांनी घ्यायला हवी.

मग ‘गोऱ्या आशे’चा शोध सुरू झाला. ऑक्टोबर १९०९ मध्ये मिडलवेट विजेता स्टॅन्ली केचेल बाराव्या फेरीत कोसळला. ४ जुलै १९१० रोजी रीनो येथे खुद्द जेफ्रीज पंधराव्या फेरीत हरला. त्यानंतर अमेरिकेतील अनेक शहरांत दंगली उसळल्या आणि माणसे मेली.

परंतु यादीची दुसरी बाजूही आहे. सॅम लँगफर्ड, जो जीनेट, सॅम मॅकव्ही हे त्या काळचे समर्थ कृष्णवर्णीय योद्धे. लँगफर्डला जॉन्सनने १९०६ मध्ये हरवले होते. विजेतेपद मिळाल्यावर मात्र त्याने या तिघांपैकी एकालाही संधी दिली नाही. गोऱ्या प्रतिस्पर्ध्यावर तिकिटे अधिक खपत. ज्या रेषेने जॉन्सनला अडवले होते, तिचा बाजारभाव तोही जाणून होता. त्याच्या कारकिर्दीत दोन कृष्णवर्णीयांमध्ये विजेतेपदाची लढत एकदाच झाली, डिसेंबर १९१३ मध्ये पॅरिसला, बॅटलिंग जिम जॉन्सनशी. ती बरोबरीत सुटली.

५ एप्रिल १९१५ रोजी हवाना येथे जेस विलर्डने सव्विसाव्या फेरीत जॉन्सनला पाडले आणि दार पुन्हा बंद झाले. ते जो लुईसाठी उघडायला १९३७ साल उजाडावे लागले. हॉवर्ड सॅकलरने पुढे जॉन्सनच्या आयुष्यावर ‘द ग्रेट व्हाइट होप’ हे नाटक लिहिले आणि त्याला १९६९ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. लँगफर्डला हेवीवेट विजेतेपदासाठी लढण्याची संधी अखेरपर्यंत मिळाली नाही. एका माणसासाठी दार उघडले म्हणजे भिंत पडली असे नव्हे, हे त्या यादीत न आलेली नावेच आपल्याला सांगतात.