ट्यूब पेटते, मग बदलायची कशाला?

घरात फिशटँक असेल तर ‘ट्यूब दरवर्षी बदला’ हा सल्ला कुणीतरी दिलेला असतोच. ट्यूब तर मस्त पेटत असते! मग हा नियम आला कुठून?

१८५३ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. इमारत काचेची, उजेड सूर्याचा. बदलायचं काय? पुढे साधे बल्ब आले. ते पाणी तापवायचे, पण प्रामाणिक होते. तार तुटली की अंधार, विषय संपला.

१९३८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने अमेरिकेत फ्लुरोसंट ट्यूब विकायला काढली आणि गोची झाली. ट्यूबमध्ये पाऱ्याच्या वाफेतून निघतो तो मुख्यतः अतिनील प्रकाश, डोळ्यांना न दिसणारा. काचेला आतून दिलेला फॉस्फरचा थर त्याचा उजेड करतो. हा थर हळूहळू थकतो, ट्यूब मात्र पेटतच राहते. १९४२ मध्ये इंग्लंडच्या जीईसीत मॅकिग आणि रॅन्बी यांनी हॅलोफॉस्फेट शोधलं आणि पुढची कित्येक दशकं तेच चाललं. स्वस्त, पण ट्यूब जायच्या आधीच पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त उजेड खाणारं. इतक्या सावकाश होणारा फरक आपल्या डोळ्यांना कळत नाही, पण टँकमधल्या झाडांची वाढ खुंटते. नुसते मासे असतील तर त्यांना काही फरक पडत नाही.

म्हणजे नियम त्या काळी बरोबर होता, तोही झाडांच्या टँकपुरता. पण १९७० च्या दशकात फिलिप्सने ट्रायफॉस्फर आणलं. चांगल्या ट्रायफॉस्फर ट्यूबचा नव्वद टक्क्यांच्या आसपास उजेड शेवटपर्यंत टिकतो. नियम मात्र तसाच राहिला (कोड बदलला, वरची कॉमेंट जुनीच... आमच्या धंद्यात रोजचंच!). मला हे खटकतं ते पैशांसाठी नाही. धडधाकट ट्यूब कचऱ्यात फुटते, तेव्हा तिच्यातला पारा बाहेर पडतो.

असो. २०२३ मध्ये मिनामाता कराराच्या देशांनी सरळ ट्यूबचं उत्पादन २०२७ पर्यंत थांबवायचं ठरवलं. आता एलईडी. तोही मंदावतो, पण त्यासाठी निदान ‘एल७०’ हे माप आहे : उजेड सत्तर टक्क्यांवर यायला लागणारे तास. ट्यूबच वापरत असाल तर बसवल्याची तारीख तिच्या टोपीवर मार्करने लिहा. टोकं काळी पडली, ती लुकलुकायला लागली किंवा झाडं रोडावली की बदला, आणि जुनी न फोडता ई-कचऱ्यात द्या.