‘सन’ या शब्दाचा घोंटाळा व संगणकावरील मित्या

जुन्या कागदाचें मोडी अक्षर लागलें म्हणजे काम संपलें असें पुष्कळांस वाटतें. परंतु खरी अडचण मितीपाशीं असते. हल्लीं दफ्तरांच्या याद्या संगणकावर करण्याचा प्रघात पडला असल्यामुळें या अडचणीचा पुन्हा विचार करणें अवश्य आहे.

उदाहरण आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतीलच घेऊं. येथील साखरखेर्डा गांवीं ता. ११ ऑक्टोबर १७२४ रोजीं निजामुल्मुल्कानें मुबारिझखानाचा पराभव केला. त्या दिवसाचें वर्ष शालिवाहन शकानें १६४६, हिजरीनें ११३७, दक्षिणी फसलीनें ११३४ व सुहूर सनानें ११२५, म्हणजे ‘खमस अशरीन मया व अलफ’, असें येतें. उलट, एखाद्या फाटक्या कागदावर नुसतें ‘सन ११३४’ एवढेंच शिल्लक असेल, तर तें फसली मानल्यास इसवी १७२४-२५, सुहूर मानल्यास १७३३-३४ व हिजरी मानल्यास १७२१-२२ निघतें. म्हणजे तो कागद लढाईच्या वर्षाचा, तिच्यानंतर नऊ वर्षांचा, किंवा तिच्या पूर्वींचा ठरेल. वतनाच्या वादांत एवढ्या फरकानें देणारा धनीच बदलतो.

संगणकास ‘ही तारीख वाच’ एवढें सांगून भागत नाहीं. ‘०३-०४-१८५३’ हें आपण ३ एप्रिल वाचूं, अमेरिकन मनुष्य ४ मार्च वाचील. यास्तव यंत्रास आधीं दिवस, मास व वर्ष यांचा क्रम सांगावा लागतो. १९८८ सालच्या आंतरराष्ट्रीय मानक ८६०१ नें वर्ष, मास, दिवस असा क्रम ठरवून दिला. परंतु तो ग्रेगोरियन गणनेपुरता होय.

येथें दुसरा धोका आहे. जेधे शकावलींत शिवजन्माची मिती शके १५५१ फाल्गुन वद्य ३, शुक्रवार, अशी आहे. शकांत सरसकट ७८ मिळविणारास १६२९ साल मिळेल. पण ही मिती जानेवारीनंतरची असल्यानें ७९ मिळविले पाहिजेत. तेणेंकरून १९ फेब्रुवारी १६३० येते, आणि तीही जुन्या, जूलियन गणनेची. पायथन या संगणकीय भाषेंत ग्रेगोरियन गणनाच मागें इसवी १ पर्यंत नेलेली आहे. तिला हीच तारीख तशीच दिल्यास ती मंगळवार सांगते! दहा दिवस मिळवून १ मार्च दिली, म्हणजे शुक्रवार बरोबर जुळतो. कागदावर वार असेल तर तो कधींही सोडूं नये, हा यांतील बोध.

आमचीही चूक सांगणें प्राप्त आहे. जानेफळ येथें आम्हीं आमच्या संग्रहाची पहिली यादी केली, तेव्हां वऱ्हाडांत निजामी अंमल होता एवढ्यावरून सारे ‘सन’ फसली धरिले, व मूळ शब्द न नोंदतां इसवी साल तेवढें यंत्रांत भरलें. पुढें एका कागदांत अरबी अंकवाचक शब्द दिसले, तेव्हां तो सुहूर सन असल्याचें ध्यानांत आलें. परंतु मूळ पाठ यादींत नसल्यानें सर्व रुमाल पुन्हा सोडावे लागले.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, यादींत तीन रकाने ठेवावे: पहिल्यांत मितीचा मूळ पाठ जसाच्या तसा, दुसऱ्यांत गणनेचें नांव, व तिसऱ्यांत निष्पन्न तारीख. गणना निश्चित नसेल तर तिसरा रकाना रिकामा ठेवावा. तो पुढील अभ्यासकास भरतां येईल. तर्कानें भरलेली तारीख मात्र यंत्रांतून बाहेर पडतांना निश्चित तारखेसारखीच दिसते.