आंबट स्पेंटवॉशचे भागीदार

कृष्णाकाठी ऊस वाढला, साताऱ्या-सांगलीत कारखाने उभे राहिले, मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या डिस्टिलऱ्या आल्या आणि त्यांच्यामागून स्पेंटवॉश आला. गडद तपकिरी, गरम, आंबट सांडपाणी. एक लिटर अल्कोहोलमागे तो आठ-दहा लिटर तरी निघतो. मळीमिश्रित पाणी नदीत गेलं की मासे कसे मरतात, हे सांगलीकरांना सांगायला नको. हाच स्पेंटवॉश बंद डायजेस्टरमध्ये घातला, तर बॉयलरला मिथेन मिळतो. वाटेत मात्र त्याची आम्लं होतात, आणि ती कोण फोडतं हे फार उशिरा कळलं.

गॅस आधीपासून जळतच होता. माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ मध्ये मैल्यापासून गॅस काढला गेला. १९५० नंतर जशभाई पटेलांच्या ‘ग्रामलक्ष्मी’मुळे आणि खादी आयोगामुळे गोबरगॅस खेडोपाडी गेला. तेव्हा शास्त्रज्ञांची समजूत अशी, की ओमेल्यान्स्की या संशोधकाच्या नावाचा एकच जीवाणू अल्कोहोलपासून थेट मिथेन करतो.

१९६७ मध्ये अमेरिकेत मार्विन ब्रायंट, वोलिन दांपत्य आणि राल्फ वूल्फ यांनी ती समजूत मोडली. तो एक जीव नव्हताच, दोघे होते. पहिला अल्कोहोलचं असिटिक आम्ल करी, पण सुटलेला हायड्रोजन साचला की त्याचंच काम अडे. दुसरा तो हायड्रोजन खाऊन मिथेन करी. मला या साऱ्या इतिहासातला हाच शोध सर्वांत मोठा वाटतो. पुढे अशाच जोडीदाराच्या आधाराने ब्युटिरिक आणि प्रोपिऑनिक आम्लं फोडणारे जीवाणू सापडले, त्यांच्या नावांत वूल्फ आणि वोलिन आहेत. प्रोपिऑनिकवाल्याचा हट्ट तर विलक्षण: वायूच्या दहा हजार भागांत हायड्रोजन जास्तीत जास्त एक भाग असावा, तरच त्याचा संसार चालतो.

गाईच्या पोटात आम्लं फोडणारी ही जोडी जमत नाही. तिथे आम्लं गाईच्या रक्तात जातात, तिचं ते अन्नच. शिवाय चारा लवकर पुढे सरकतो आणि हे जीव सावकाश वाढतात. शेणाच्या टाकीत महिनाभर तरी मुक्काम, तिथे त्यांना फावतं. म्हणून नवा डायजेस्टर सुरू करताना शेणकाला किंवा चालू टाकीतला गाळ घालतात. स्पेंटवॉश मात्र थोडा थोडा वाढवायचा. घाई केली, की आम्ल करणारे पुढे धावतात, हायड्रोजन साचतो, प्रोपिऑनिक तुंबतं, सामू घसरतो आणि मिथेनवालेही गारठतात. मग भरणं थांबवून आम्लाचा आकडा उतरेपर्यंत वाट पाहावी लागते.