अमिराती सात, पण कारभाराचे थर किती?

आमच्या रत्नागिरी-रायगडकडच्या मोहल्ल्यांतून माणसे आखातात गेली, पण सगळ्यांच्या तोंडी नाव एकच. अबूधाबीत असो की फुजैरात, माणूस ‘दुबईला’ असतो. बोलण्यापुरते ठीक आहे. पण कज्जा उभा राहिला की कळते, काही अमिरातींची न्यायालये स्वतःची आहेत, काहींची संघाची. कामगार कायदा संघाचा, नगरपालिका मात्र अमिरातीची.

मुस्लिम राजवट म्हटली की एक तख्त आणि एक फर्मान, असे चित्र आपण डोक्यात घेऊन फिरतो. इथे तसे घडलेच नाही. 2 डिसेंबर 1971 रोजी सहा शेखांनी संघ केला. रास अल-खैमा फेब्रुवारी 1972 मध्ये आले. परराष्ट्र व्यवहार, संरक्षण, चलन संघाला दिले. जे दिले नाही ते अमिरातीचे. तेलसुद्धा! राज्यघटनेच्या 23व्या कलमाने नैसर्गिक संपत्ती त्या त्या अमिरातीची ठरली. म्हणजे अबूधाबीचे तेल देशाचे नव्हे, अबूधाबीचे. सात शासकांच्या सर्वोच्च मंडळात महत्त्वाच्या ठरावाला पाच मते लागतात, आणि त्यांत अबूधाबी व दुबई असावीच लागतात. याला बरोबरी म्हणवत नाही, पण सौदा उघड होता.

अमिरातीच्या खालीही थर आहेत. अबूधाबीचे तीन प्रदेश. त्यांपैकी अल-ऐन आणि अल-धफ्रा इथे शासकाचा प्रतिनिधी बसतो. शारजाची गंमत वेगळीच. मुख्य शहर आखाताच्या किनाऱ्यावर, तर खोर फक्कान, कलबा, दिब्बा अल-हिस्न ही गावे डोंगरापलीकडे ओमानच्या समुद्रावर. तिथला कारभार स्थानिक नगरपालिकांवाचून चालणे कठीण.

त्यातल्या कलबाची गोष्ट मला फार बोलकी वाटते. 1936 साली इंग्रजांनी त्याला स्वतंत्र अमिरात मानले. कारण काय, तर हिंदुस्थानकडे येणाऱ्या विमानांना अडीअडचणीला उतरायला तिथे धावपट्टी हवी होती. गरज सरल्यावर, पन्नाशीच्या सुरुवातीला, कलबा पुन्हा शारजात गेले. शेजारच्या फुजैराला मात्र 1952 मध्ये मान्यता मिळाली आणि ती टिकली. कोण अमिरात आणि कोण नुसते गाव, हे असे ठरले. 1972 मध्ये कलबाजवळच्या जमिनीवरून शारजा आणि फुजैराच्या माणसांत गोळीबार झाला, माणसे मेली. संघ तेव्हा वर्षाचाही नव्हता, आणि मध्ये पडायला त्याचेच सैन्य जावे लागले.