बालकांचा कारक विकास : परिपक्वनवादाचा उदय आणि पुनर्विचार

मूल कोणत्या महिन्यात बसते, रांगते व चालू लागते याचे ज्ञान घरोघरी होतेच. तथापि या क्रमाची पद्धतशीर नोंद करून त्याची कारणमीमांसा करण्याचा प्रयत्न त्या मानाने अलीकडचा आहे. चार्ल्स डार्विनने आपल्या मुलाविषयीची टिपणे १८७७ मध्ये प्रसिद्ध केली. विल्हेल्म प्रायर यांचा बालमनावरील जर्मन ग्रंथ १८८२ मध्ये आला. ही निरीक्षणे मोलाची असली तरी ती एकेका बालकापुरती मर्यादित होती. अनेक बालकांचे निरीक्षण करून सर्वसामान्य विधान करण्याची आकांक्षा विसाव्या शतकात मूळ धरू लागली. तिच्यातून जो सिद्धांत प्रबळ झाला, त्याचा इतिहास येथे थोडक्यात पाहावयाचा आहे.

अर्नल्ड गेझेल यांनी १९११ मध्ये येल विद्यापीठात बालकांच्या अभ्यासासाठी चिकित्सालय सुरू केले व पुढे चलच्चित्रणाच्या साहाय्याने बालकांच्या हालचालींचे अत्यंत बारकाईने विश्लेषण केले. कारक विकास हा मज्जासंस्थेच्या आंतरिक परिपक्वनाने घडतो, बाह्य परिस्थिती त्यास केवळ आधार देते, असे त्यांचे प्रतिपादन होते. हेलन थॉम्प्सन यांच्यासह १९२९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला जुळ्या बहिणींवरील प्रयोग या मताचा आधारस्तंभ ठरला. त्यांपैकी एकीला ४६ व्या आठवड्यापासून सहा आठवडे जिना चढण्याचा सराव देण्यात आला. ५२ व्या आठवड्यात ती सुमारे २६ सेकंदांत जिना चढू लागली. दुसरी, सराव नसताही, ५३ व्या आठवड्यात ४५ सेकंदांत चढली आणि केवळ दोन आठवड्यांच्या सरावानंतर तिला सुमारे १० सेकंद पुरले. यावरून सराव व्यर्थ, वयच निर्णायक, असा निष्कर्ष सर्वत्र काढला गेला. परंतु दुसरी मुलगी जिन्यापासून दूर ठेवली होती, हालचालीपासून नव्हे. योग्य वेळी दिलेले शिक्षण लवकर फळते, एवढेच या प्रयोगाने सिद्ध होते. अनुभवाविना विकास होतो, हे नव्हे.

याच सुमारास मेरी शर्ली यांनी मिनिॲपोलिस येथे २५ बालकांचे दोन वर्षे निरीक्षण केले. टप्प्यांची वये बालकागणिक भिन्न असली तरी त्यांचा क्रम बहुतांशी समान असल्याचे त्यांना आढळले. मर्टल मॅग्रॉ यांनी न्यूयॉर्क येथे जॉनी व जिमी या जुळ्या भावांवर केलेला प्रयोग १९३५ मध्ये ग्रंथरूपाने आला. जॉनीला पोहणे, उतरणीवर चढणे व चाकांच्या बुटांवरून सरकणे शिकविण्यात आले. चालण्यासारख्या मानवजातीस सामान्य असलेल्या क्रियांवर सरावाचा परिणाम अल्प झाला. विशेष कौशल्यांत मात्र जॉनी पुष्कळ पुढे गेला. ही जुळी एकरूप नसावीत असे पुढे आढळल्याने तुलनेस काहीसा उणेपणा आला. परंतु सर्व कौशल्यांना एकच नियम लावता येत नाही, ही मॅग्रॉ यांची भूमिका गेझेल यांच्याहून अधिक सूक्ष्म होती.

परिपक्वनवादास सर्वांत मोठे बळ मिळाले ते वेन डेनिस यांच्या होपी आदिवासींवरील अभ्यासाने. अर्भकांना फळीवर बांधून ठेवणारी व ती प्रथा सोडलेली, अशा दोन्ही प्रकारच्या होपी कुटुंबांतील मुले सरासरी सुमारे १५ व्या महिन्यात चालू लागतात, असे त्यांनी १९४० मध्ये दाखविले. हेच डेनिस वीस वर्षांनी वेगळ्या निष्कर्षास आले, हे या इतिहासातील विशेष लक्षणीय होय. तेहरान येथील तीन अनाथसंस्थांचा त्यांचा अभ्यास १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या संस्थेत अर्भके बहुतेक वेळ उताणी ठेवली जात. त्यांना क्वचितच उचलले वा बसविले जाई. तेथील कित्येक मुले दुसऱ्या वर्षीही आधाराविना बसू शकत नव्हती, आणि पुढे सरकताना ती रांगत नसत, बसल्या बसल्या घसरत. तिसऱ्या संस्थेत पहिल्या संस्थेतूनच आलेली मुले होती. तेथे त्यांना पालथे ठेवले जाई, बसविले जाई, कडेवर घेऊन भरविले जाई. त्यांचा विकास पुष्कळच बरा होता. होपी बालके फळीवर असली तरी माणसांत होती. तेहरानची बालके मोकळी असूनही एकाकी होती. ‘वय झाले की मूल आपोआप चालेल’ हा विश्वास संगोपनाच्या उपेक्षेवर पांघरूण घालू शकतो, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

पुढील संशोधनाने प्रश्नाची मांडणीच बदलली. केनियातील किप्सिगिस समाजात बसणे व चालणे मुद्दाम शिकविले जाते. ही कौशल्ये तेथे लवकर येतात, न शिकविलेले रांगणे मात्र येत नाही, असे चार्ल्स सूपर यांनी १९७६ मध्ये दाखविले. नवजात अर्भकाची पाऊल टाकण्याची प्रतिक्षिप्त क्रिया काही महिन्यांत का लोपते, याचे उत्तर पूर्वी मेंदूच्या परिपक्वनात शोधले जाई. एस्थर थेलेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये असे दाखविले की अर्भकाचे पाय पाण्यात बुडविल्यास पावले वाढतात, पायांना वजन लावल्यास ती घटतात. म्हणजे वाढत्या पायांचे वजन व स्नायूंचे बळ यांचे प्रमाणही या लोपास कारण होते. मेंदू, शरीर, परिस्थिती व कृती यांच्या परस्परक्रियेतून विकास घडतो, या विचाराला त्यामुळे बळ मिळाले.

आपल्याकडे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी १ ते ३० महिन्यांच्या भारतीय बालकांच्या मानसिक व कारक वाढीचा अभ्यास केला. तो १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. परदेशी प्रमाणके जशीच्या तशी लावू नयेत, ही जाणीव त्यामागे होती. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये भारतासह पाच देशांतील ८१६ बालकांच्या आधारे दिलेल्या मर्यादांनुसार आधाराविना चालण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने इतका विस्तृत आहे, ४.३ टक्के बालके हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत.

प्रमाणक हे वर्णन होय, नियम नव्हे. उशीर दिसल्यास तपासणी अवश्य करावी. परंतु मूल मागे का राहिले, हे विचारताना त्याला किती उचलले गेले, जमिनीवर किती मोकळे सोडले गेले आणि त्याच्याशी कोण खेळले, याचीही नोंद घेणे अभ्यासकाचे कर्तव्य आहे. डेनिस यांच्या दोन अभ्यासांतील वीस वर्षांचे अंतर हेच शिकविते.