शाळेचा पैसा : कोणाचा आणि कोणासाठी?



मी पदवीधर नाही. सातवीनंतर माझी शाळा सुटली ती उसाच्या फडात. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतील बाकावर बसून, एकेक पुस्तक मागून आणून. तेव्हा इतिहासावर बोलावयाचा माझा अधिकार तो किती! परंतु कामगारांच्या चळवळीने मला एक सवय लावली आहे. कोणत्याही संस्थेची थोरवी कानावर आली की मी तीन गोष्टी विचारतो. पैसा कोणाच्या खिशातून निघाला? तो कोणाच्या हातून खर्च झाला? आणि त्याचा हिशेब मागण्याचा हक्क कोणाला होता? आज याच तीन प्रश्नांनिशी आपल्या शाळांचा इतिहास तपासावयाचा आहे.

हा विषय आताच काढण्याचे कारणही सांगतो. चैत्र सरला, कारखान्यांची धुराडी थंडावली आणि आपल्या भागातील कोयते घरी परतले. ही व्याख्याने ऐकावयास बसलेल्यांपैकी पुष्कळजण महिन्यापूर्वी कोपीत राहत होते. त्यांची मुलेही तेथेच होती. गावची शाळा मात्र सहा महिने उघडीच होती.

आपल्या धर्मापुरीस केदारेश्वराचे चालुक्यकालीन देऊळ आहे. त्या काळी विद्येचा खर्च कसा चाले, याचा एक उत्तम पुरावा खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने इ. स. १२०७ च्या सुमारास त्यास दान दिले. हे दान कसले? पाटणच्या बाजारात विक्रीस येणाऱ्या मालावरचा राजाचा हिस्सा मठाकडे लावून दिला आणि तेलाच्या घाण्यामागे पळीने तेल ठरवून दिले. म्हणजे दात्याचे नाव राजाचे, पण तेल तेल्याचे. शास्त्राध्ययनाचा अधिकार मात्र त्या काळी तेल्याच्या मुलास नव्हता. आपल्या शिक्षणाच्या जमाखर्चातील ही पहिली नोंद मी मुद्दाम सांगितली, कारण पुढील आठशे वर्षांत वहीची पाने बदलली तरी ही नोंद पुनःपुन्हा होत राहिली.

इंग्रजी अमलात १८५४ साली वुड यांचा खलिता आला आणि ‘अनुदान’ ही कल्पना आपल्याकडे रूढ झाली. तिचे मर्म असे की, लोकांनी आपल्या पैशाने शाळा काढावी, थोडी का होईना फी घ्यावी, तपासनिसास दप्तर दाखवावे, मग सरकार मदत देईल. वरवर पाहता यात काही गैर नाही. परंतु आधी स्वतः पैसा उभा करावयाचा ही अट ज्याच्याजवळ पैसा आहे त्यालाच पुरी करता येते! शहरातील संस्थांना अनुदान मिळू लागले. खेड्यातल्या शेतकऱ्याला काय मिळाले? त्याला मिळाला कर. मुंबई इलाख्यात जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंडाचा बसला आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे लावला गेला.

या हिशेबावर पहिले बोट ठेवले ते जोतीराव फुले यांनी. १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सांगितले की, सरकारी तिजोरी भरते ती रयतेच्या घामाने आणि खर्च होते ती वरच्या वर्गाच्या शिक्षणावर. हे वाक्य आज आपल्या तोंडपाठ झाले आहे. त्याच निवेदनातील दुसरा मुद्दा मात्र फारसा कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते तो अधिक खोल आहे. त्या काळी खाजगी शाळेस मुलांच्या परीक्षेतील निकालावर पैसे देण्याची पद्धत होती. जितकी मुले पास, तितके अनुदान. जोतीरावांचे म्हणणे असे की, गरीब आणि शिक्षणाची गोडी न लागलेल्या समाजात ही पद्धत चालावयाची नाही. तेथे स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढून कोणाही मास्तराचे पोट भरणार नाही, म्हणून तेथे सरकारनेच शाळा चालविली पाहिजे. त्यांनी शिक्षकाचा पगारदेखील सांगितला. तो १२ रुपयांहून कमी नसावा, आणि शिक्षक असा असावा की ज्याला प्रसंगी नांगराची मूठ धरावयास लाज वाटणार नाही. पगाराचा आकडा मांडून बोलणारा विचारवंत आम्हा कामगारांना जवळचा वाटतो, याचे नवल नाही.

पुढे १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. खर्चाचा दोन तृतीयांश भाग सरकारने आणि एक तृतीयांश स्थानिक संस्थांनी उचलावा, अशी त्यातील योजना होती. मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. कलकत्त्याच्या दरबारात जे जमले नाही ते कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली कायद्याने करून दाखविले, आणि त्यापूर्वीच सयाजीराव महाराजांनी बडोदे संस्थानात केले होते. पैसा नाही ही सबब किती खरी आणि किती खोटी, हे या दोन संस्थानांनी सिद्ध केले.

आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. दरबाराची भाषा उर्दू, वरच्या शाळांचे माध्यमही उर्दू आणि खाजगी शाळेला सरकारची परवानगी लागे. अशा स्थितीत औरंगाबादेस सरस्वती भुवन आणि आपल्या शेजारी अंबाजोगाईस योगेश्वरी या संस्था लोकांच्या वर्गणीवर उभ्या राहिल्या. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवीत होते आणि तेथून ते अंबाजोगाईस आले. तिकडे सातारच्या बाजूस भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, आणि वसतिगृहातील मुले उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. खाजगी शाळा हा शब्द आज आपण नाक मुरडून उच्चारतो, परंतु त्या शाळा खाजगी असूनही सार्वजनिक होत्या, हे विसरता कामा नये. पैसा लोकांचा आणि मुलेही लोकांचीच होती.

१९४८ साली हैदराबाद मुक्त झाले. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि गावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. शिक्षकांचे पगार राज्याच्या अनुदानातून होऊ लागले. माध्यमिक शाळा बहुतांशी संस्थांच्या राहिल्या. इमारत संस्थेची, मंजूर जागांचा पगार सरकारचा आणि नेमणूक पुन्हा संस्थेची, असा हा तिपेडी दोर आहे. त्याने खेड्यापाड्यांत हायस्कुले नेली, हे कबूल केलेच पाहिजे. परंतु पगार एकाचा आणि नेमणूक दुसऱ्याची, या फटीतून काय काय शिरले, हे येथे बसलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे.

मग सरकारने हात आखडला. २००१ साली नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावर परवानगी द्यावयाचे ठरले. २००९ साली ‘कायम’ हा शब्द गळाला आणि २०१६ साली काही शाळांना २० टक्के अनुदान मिळाले. या तारखांच्या मध्ये माणसे उभी होती. माझ्या ओळखीचे एक शिक्षक अशाच एका शाळेत अकरा वर्षे जवळजवळ बिनपगारी शिकवीत होते. दिवसा फळ्यापुढे आणि रात्री एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर. एकदा ते मला म्हणाले, “तुमच्या कोयत्याला निदान उचल तरी मिळते हो!” मला उत्तर सुचले नाही. २०१२ साली स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला आणि चक्र पुरे फिरले. ज्याच्याजवळ पैसा त्याने शाळा काढावी, ज्याच्याजवळ फी त्याने शिकावे.

याच सुमारास दुसरा प्रवाह वाहत होता. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा अमलात आला. खाजगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के जागा दुर्बल घटकांना द्याव्यात आणि त्यांच्या फीचा ठरावीक परतावा सरकारने करावा, असे त्यात आहे. जवळ सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास ही सक्ती नको, असा नियम राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला. तो त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरविला.

पैसा शाळेला द्यावा की मुलामागे द्यावा, हा वाद येथे उपस्थित होतो, आणि तो आपल्याच देशातला नव्हे. अमेरिकेत सामान्य सरकारी शाळा मोठ्या प्रमाणावर स्थानिक घरजमिनीच्या करावर चालते. मिनेसोटा राज्याने १९९१ साली कायदा करून ‘चार्टर’ शाळा काढण्याची मुभा दिली. अशी शाळा स्वतंत्र मंडळ करार करून चालविते, फी घेत नाही, आणि जितकी मुले तितका सार्वजनिक पैसा तिला मिळतो. पुरस्कर्ते म्हणतात, आईबापांना निवड मिळाली. विरोधक म्हणतात, वर्गातून पाच मुले गेली म्हणून वर्गाचे छप्पर पाच मुलांपुरते लहान होत नाही. शिक्षक तोच, दिवा तोच, खर्च तोच, आणि पैसा मात्र गेला.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. आपण ते आपल्या मुलांवर लावून पाहू. आपल्याकडे शिक्षकांच्या जागा सप्टेंबरअखेरच्या पटावर ठरत आल्या आहेत. तेव्हा आपली मुले वर्गात असतात. दसरा-दिवाळी झाली की टोळी निघते. मग शाळा, शिक्षक आणि पैसा गावात, आणि मूल दीडशे कोसांवर वाढे गोळा करीत! त्याला तेथील शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी पत्र निघाले, साखरशाळाही निघाल्या. कागद मुलाबरोबर गेला, पण त्याला शिकविणारा माणूस गेला नाही. मग पैसाच मुलामागे धाडावा काय? मला तसे वाटत नाही. शिक्षक म्हणजे बैलगाडीत टाकून नेण्याची वस्तू नव्हे. मुलालाच गावी ठेवता येईल असा खर्च करणे, हा खरा उपाय होय. हंगामी वसतिगृहे हा त्यातला मार्ग आहे.

त्यासाठी पैसा कोठून आणावयाचा? त्याची तरतूद झालेली आहे. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्याने गाळलेल्या उसाच्या टनामागे १० रुपये द्यावेत आणि तितकीच भर सरकारने घालावी, असे ठरले. २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने या मुलांसाठी शासकीय वसतिगृहांची योजनाही जाहीर झाली. मित्रहो, पाटणच्या घाण्यामागची पळी आणि हे टनामागचे १० रुपये यांत नाते आहे. दोन्हीकडे मालावरचा हिस्सा आणि दोन्हीकडे घाम गाळणारा एकच. फरक एवढाच पडावयास हवा की या वेळी तेल्याचे पोर मठात बसले पाहिजे.

साबणाच्या वडीवरील उत्पादन शुल्कातसुद्धा २००४ पासून २०१५ पर्यंत शिक्षणाचा उपकर होता. तेव्हा आम्ही गरीब, आम्ही काय विचारणार, हे बोलणे सोडून द्या. आपण पैसा दिलेला आहे. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा आईबापांना दिल्या आहेत आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवण्याचे काम त्यांच्याकडे सोपविले आहे. मुकादमाची उचल आपण बोटांवर मोजतो, वजनाची पावती दिव्याजवळ नेऊन पाहतो. तशीच शाळेची वही पाहावयास शिका. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा समितीच्या पहिल्या सभेस जा. आपल्या गावच्या मुलांसाठी वसतिगृह किती महिने चालणार, त्यात किती मुले राहणार आणि रक्कम केव्हा येणार, हे विचारा, आणि उत्तर लिहून घ्या. दसऱ्यापूर्वी ते उत्तर हाती आले, तर या वर्षी काही मुले तरी टोळीबरोबर जाणार नाहीत.